चॅम्पियनच्या पुढची जागा

३ मार्च
कनू स्प्रिंटमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या बोटींच्या शर्यतीत, लेक चॅम्पियन झाली. एकटीची बोट, पाचशे मीटर, सलग तिसरं वर्ष. शेवटी खाण तशी माती. ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं, एक गुडघा टेकायचा आणि वल्हं एकाच बाजूने मारायचं. कॅशियरने विचारलं, तुम्हीही खेळायचात का? पूर्वी, म्हणालो. अगदीच खोटं नाही. सहलीला पायडलची बोट चालवली आहे.

५ मार्च
क्लबात पंचवीस तारखेला सत्कार. तिथली पद्धत अशी, की चॅम्पियन घरच्या एका माणसाला दोघांच्या बोटीत पुढे बसवते आणि सगळ्यांसमोर एक फेरी मारते. लेक फोनवर म्हणाली, आईशी बोलायचंय. बाबांना नेऊ का, हेच विचारायचं असणार. उद्यापासून पहाटे पाचला व्यायाम.

६ मार्च, सकाळी साडेआठ
विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग असतो.

९ मार्च
हॉलमध्ये सराव सुरू. डावा गुडघा उशीवर, हातात मॉप. व्हिडिओ बघून हुबेहूब लेकीसारखं डावीकडे मारतो. बायको म्हणाली, मारतच आहात तर ओला करून मारा, लादी तरी पुसून होईल. मग म्हणाली, पण तीसुद्धा डावीकडेच मारते ना? मी म्हटलं, तेच तर, तालमेल नको का? इतकी वर्षं लेकीला रोज पहाटे पाण्यावर हीच न्यायची, हे खरं. पण काठावर गाडीत डुलक्या काढणाऱ्याला तंत्र काय कळणार? मी घरून मानसिक आधार द्यायचो. झोपलेला असलो तरी.

१४ मार्च
गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? कनू स्प्रिंट, म्हणालो. ते बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, काही दिवस लिफ्ट वापरा. खेळाडूंची कदर कुणाला नाही.

१९ मार्च
लेक घरी आली. पुढे बसायला मी तयार आहे, असं सांगून टाकलं. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, जाऊ दे गं, त्यांना हौस आहे. हौस म्हणे! पण बोलताना तिचा चेहरा जरा उतरला होता. वाईट वाटलं. टॉवेल धरायला तिलाच नेणार आहे.

कपाटात निळा ट्रॅकसूट सापडला, इस्त्री करून ठेवलेला. मला गुपचूप आणलेला दिसतो. पायात आखूड होतो, पोटावर चेन लागत नाही. धुताना आटला असेल.

२५ मार्च, संध्याकाळ
काठावर ही गर्दी. बोटीत बसल्यावर लेक म्हणाली, बाबा, मी डावीकडे मारते, तुम्ही उजवीकडे मारा, म्हणजे बोट सरळ जाईल. मी म्हटलं, माझा सराव डावीकडचा, तूच बाजू बदल. ती म्हणाली, आमची बाजू जन्मात बदलत नाही. मग दोघांनीही डावीकडेच मारलं. बोट उजवीकडे गोल गोल फिरली आणि पालथी झाली. टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या.

मला काठावर आणलं. लेकीने आईला हाक मारली. बायकोने टॉवेल माझ्या हातात दिला, चपला काढल्या, पुढच्या जागी उजवा गुडघा टेकला आणि उजवीकडे वल्हं मारू लागली. बोट सुतासारखी सरळ गेली. शेजारी उभे असलेले कोच म्हणाले, दोघींच्या बोटीच्या सरावाला लेकीची जोडीदार आली नाही की पहाटे याच पुढे बसायच्या, तुम्हाला माहीतच असेल. मी म्हटलं, म्हणजे काय, माहीतच आहे.

त्या परत येईपर्यंत टॉवेल मीच धरून उभा होतो.

२६ मार्च, पहाटे पाच
आज खरंच उठलो. दोघी पाण्यावर निघाल्या होत्या. चहा करून दिला. ट्रॅकसूट कालच धुऊन वाळत घातला होता, तो बायकोने घातला. तिला अगदी बरोबर बसला. आटला वगैरे काही नव्हता.