चार बोटं वर

रेड बट, मोंटाना
६ ऑगस्ट १९७८

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या डेलमारचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. चेरीच्या मुरांब्याची एक बाटली वाटेत फुटली होती, ती मी काचा बाजूला करून तिथल्या तिथे संपवली. गहू यंदा बरा आहे. गारा आल्या, पण आमच्यावर दया करून क्लिफर्डकाकांच्या शेतावर पडल्या, त्यामुळे ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सहलीत चांदमारीला मी उतरणार आहे, आणि तेही बाबांच्याच रिव्हॉल्व्हरने. अकरा वर्षं त्यांनी बक्षिसाची टर्की कोंबडी दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ दिली नव्हती. मग एकसष्ट साली पाचच्या पाच गोळ्या खाली मारून आले. तू तेव्हा इथेच होतीस. डोळे गेले माझे, म्हणाले, आणि रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. पुन्हा त्या सहलीला म्हणून गेले नाहीत. आपण सगळे गाडीत बसून निघायचो आणि ते एकटे ओसरीवर कॉफीचा पेला घेऊन बसायचे. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कोठारात कॉफीच्या डब्यात जुनी घरची काडतुसं सापडली. काल पंचवीस पावलांवरून झाडून पाहिली. सगळी चार बोटं खाली! म्हणजे बाबांचे डोळे गेलेच नव्हते, रिव्हॉल्व्हरच खोटं बोलत होतं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी उंच झाली असणार. ती थोडी कानसली की गोळी वर लागेल. शनिवारी कानस घेऊन बसतो. मुरांबा संपत आला आहे, हे ओघाने सांगितलं.

लोभ आहेच, तो पार्सलांमधूनही दिसत राहावा.
तुझा डेलमार


टॅकोमा
१० ऑगस्ट १९७८

चि. डेलमारला अ. आ.

कानस खाली ठेव. हे पत्र वाचताना हातात असेल तर आधी ती खाली ठेव आणि मग पुढे वाच. बाबांनी चाळीस वर्षांत त्या माशीला हात लावला नाही, आणि तू, ज्याने शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी स्वतःचे केस स्वतः कापले होते, तू ती सरळ करणार? कानसलेलं लोखंड केसांसारखं परत वाढत नाही.

आधी एक कर. त्या डब्यातल्या एका काडतुसातली गोळी काढ आणि बाबांच्या बाकावरच्या छोट्या तराजूवर वजन कर. बाबा नेहमी अडीचशे ग्रेनची गोळी ओतायचे, तो आकडा मला झोपेतही सांगता येईल. बाराव्या वर्षापासून मीच तर त्यांची काडतुसं भरत होते. वितळलेल्या शिशाचा वास, आणि ते शेजारी उभे राहून न्याहाळताहेत, चूक झाली तर बोलायचे नाहीत, फक्त घसा खाकरायचे. इतक्या वर्षांनी कुणी मागे खाकरलं तरी माझा हात थांबतो.

वजन कळव. का विचारते ते नंतर सांगेन.

तब्येतीस जप, आणि जे कानसता येईल ते कानसू नकोस.
तुझी ताई


रेड बट
१८ ऑगस्ट १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या अंगात जादू आहे. गोळी दोनशे ग्रेनची निघाली! क्लिफर्डकाकांकडे गेलो. गारांचा राग विसरून त्यांनी मला बसवलं आणि तासभर ठोंब्या म्हणून घेतलं. मी म्हटलं, हलकी गोळी जोरात जाते, मग ती वर लागायला हवी. त्यावर ते म्हणाले की रिव्हॉल्व्हरमध्ये उलटं असतं. बार होताच धक्क्याने नळी वर उचलली जाऊ लागते. जड गोळी सावकाश निघते, तोवर नळी वर गेलेली असते, म्हणून ती वर लागते. हलकी गोळी नळी वर जायच्या आतच पसार होते, म्हणून ती खाली लागते. ती माशी अडीचशेच्या गोळीला बेतलेली आहे, तिचा काही दोष नाही. कानस त्यांनी जप्तच केली.

आता मला सांग, बाबांसारख्या माणसाने असा घोळ घातलाच कसा? गोळी पाहून काकांना तिचा साचा स्वतःचाच वाटला, पण कुणाला उसना दिला होता ते त्यांना आठवेना. त्र्याऐंशीव्या वर्षी एवढी सूट द्यायला हवी.

बाकी क्षेम. माया कमी करू नये, डबे तर नाहीच.
डेलमार


टॅकोमा
२३ ऑगस्ट १९७८

चि. डेलमारला अ. आ.

साचा मला दिला होता.

त्या उन्हाळ्यात बाबांचं मनगट सुजलेलं होतं, आठवतं? बादली उचलताना तोंड फिरवायचे, म्हणजे आपल्याला चेहरा दिसू नये. मी आठ दिवसांसाठी घरी आले होते. नेहमीप्रमाणे सहलीची काडतुसं भरायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, गोळी हलकी केली तर धक्का कमी बसेल. क्लिफर्डकाकांकडून साचा आणला, शंभर गोळ्या ओतल्या, भरल्या. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चिडून जडच भरायला लावल्या असत्या. नेम बदलेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि मी तिथे उभी होते, डेलमार. पाचवी गोळी खाली गेली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी जवळ जाऊन म्हटलं की वय होतं माणसाचं, बाबा. मी म्हटलं! तेरा वर्षं ते ओसरीवर बसले ते माझ्यामुळे. आता कुणाला सांगू आणि कुणाची क्षमा मागू?

सहलीला जाऊ नकोस असं म्हणवत नाही. पण निकाल मला कळवू नकोस.
ताई


रेड बट
५ सप्टेंबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

निकाल कळवतोच आहे, रागाव.

तुझं पत्र वाचून मी कोठारात गेलो आणि तो डबा बाकावर उपडा केला. शंभरातली एक्केचाळीस काडतुसं उरली होती, माझी झाडलेली धरूनच. सहलीत पाच गेली होती. मग बाकीची चोपन्न कुणी झाडली? आपण सहलीला गेलो की कोठारामागे कोण होतं, ताई?

डब्याच्या तळाशी घडी करून एक कागद अंथरला होता. एकसष्टचं निशाण. पाच भोकं, सगळी काळ्या वर्तुळाच्या खाली, पण इतकी जवळ की कॉफीच्या बशीखाली झाकावीत. हात थरथरणाऱ्याचं ते काम नव्हेच. भोकांपासून मध्यापर्यंत पेन्सिलीची रेघ होती, आणि कडेला बाबांचं ते आखडलेलं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो. ‘हात ठीक. डोळे ठीक. गोळी दोनशेची. चार बोटं वर धरणे. मनगटाला बरी. व्हर्नाला कळू देऊ नये.’

सहलीला आले असते तर लोकांनी विचारलं असतं, मागच्या वर्षी काय झालं होतं हो? डोळे गेले असं त्या दिवशी त्यांना खरंच वाटलं होतं, पण कारण कळल्यावर तेच पुन्हा सांगायचं, तर बाबांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून ते घरी राहिले. तू त्यांना ओसरीवर बसवलं नाहीस. त्यांचे ते बसले, तुझ्यासाठी.

काल मी तुझीच काडतुसं नेली. चार बोटं वर धरलं. टर्की क्लिफर्डकाकांची पुतणी घेऊन गेली, मी दुसरा आलो, पण पाचही काळ्यात.

पाच काडतुसं वेगळी ठेवली आहेत. गहू घरात आला की ये. कोठारामागे तू झाडायची, आणि मी मागे उभा राहून घसा खाकरेन.

वाट पाहणारा,
डेलमार