तुम्ही नक्की कुठल्या समुद्राला हो म्हणाला होतात?

प्रिय अहो,

नुसतं 'अहो' लिहावं की आधी 'प्रिय' जोडावं, या विचारात माझा चहा गार झाला. तुम्हाला पत्र लिहायची वेळ आयुष्यात आलीच नाही. नवरा टेलिफोन खात्यातला, गल्लीत पहिला फोन आपल्याकडे. काही सांगायचं असलं की डायल फिरवायचा. आता तुमचा नंबर लागायचा नाही, म्हणून कागद घेतला.

आणि लिहितेय ती तक्रार करायला! वर्ष होऊन गेलं तुम्हाला जाऊन, पण तुमच्यामुळे गेल्या रविवारी या घरात भांडण झालं. तुम्ही असताना कधी झालं नाही इतकं मोठं.

आधी बातमी सांगते. मिलिंदनं ठरवलंय की या उन्हाळ्यात आम्हाला सगळ्यांना समुद्रावर न्यायचं. तो जर्मनीहून येणार, आम्ही इथून. मी, सुजाता आणि जावई. बाबांची इच्छा होती ना, युरोपातला एखादा सुंदर बीच बघायची, ती आपण पूर्ण करू म्हणाला. मला भरून आलं. सुजाता तर दुसऱ्याच दिवशी राजवाड्याच्या बाजारातून मोठ्या काठाच्या टोप्या घेऊन आली. माझ्यासाठीसुद्धा. मी ती घालून आरशात पाहिलं आणि लगेच काढून ठेवली.

व्हिसासाठी आधी राहायचं ठिकाण ठरवावं लागतं. म्हणून रविवारी सुजाता इकडे आली, मिलिंदला व्हिडिओवर घेतलं, आणि मी पोहे करायला आत गेले. कांदा चिरून होईपर्यंत बाहेर आवाज चढलेले!

"बाबांनी मला साफ सांगितलं होतं ताई, पोर्तुगाल. मागच्या वेळी आलो तेव्हा, तू बसलीयेस त्याच सोफ्यावर बसून. ते पिवळे कडे आहेत ना, त्यांच्या खालचा बीच."

"अच्छा? आणि मला काय बोलले होते माहितीये? सुजू, जायचं तर ग्रीसलाच जायचं. आणि हे फक्त तुझ्या-माझ्यात ठेव, असं पण बोलले होते."

"काहीही यार ताई. बाबा असं बोलूच नाही शकत."

"मतलब मी झूठ बोलतेय?"

"मी असं कुठे बोललो?"

"मतलब तर तोच झाला ना!"

मी हात पुसत बाहेर आले तर दोघांनी एकदम मला धरलं. आई, तूच सांग, बाबा तुला काय बोलले होते? काय सांगणार होते मी? मला आठवत नाही म्हटलं. सुजाता उठली, पर्स घेतली आणि पोहे न खाता निघून गेली. इंदूरची मुलगी पोहे सोडून गेली, यावरून ओळखा काय ते. मिलिंदनं "मग राहू दे, कॅन्सल करतो" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलत होते, पण एकानं दुसऱ्याचं नाव काढलं नाही.

मला राग आला का मुलांचा? दोघांचाही नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि तोही तुमच्या नावावर, हे मला पचेना. रात्रंदिवस त्या दोघांचे चेहरे डोळ्यांसमोर. मिलिंद लहानपणी थापा मारायचा, पण सुजाता नाही. पण मिलिंदही इतक्या मोठ्या गोष्टीत? तुमच्या बाबतीत?

मंगळवारी तुमचे मित्र गुप्ताजी आले, तुम्हाला 'भिया' म्हणणारे. सोबत शेवेचं पाकीट, नेहमीसारखं. तुम्ही गेल्यापासून महिन्यातून एकदा येतात, तुमच्या खुर्चीशेजारी बसतात, खुर्चीत मात्र बसत नाहीत. मी बोलता बोलता सांगितलं की मुलं समुद्रावर न्यायचं म्हणतात, पण जागा ठरत नाहीये.

गुप्ताजींनी बशी खाली ठेवली. "भाभीजी, बच्चों को बोलो स्पेन देख लें. भिया का मन तो वहीं का था. मेरे को बोले थे, गुप्ता, अपन दोनों चलेंगे, घर में अभी किसी को बताना मत." मग डोळे पुसत म्हणाले, "मैंने तो पासपोर्ट भी बनवा लिया था."

अहो, मी हसले! तोंडावर पदर धरून हसले. गुप्ताजी बिचारे घाबरले, पाणी आणायला उठले. पाणी येईपर्यंत मी रडत होते.

कारण तेव्हा मला सगळं दिसलं. रिटायर झाल्यावर तुम्ही संध्याकाळी टीव्हीवर ते समुद्राचे व्हिडिओ लावायचात. आवाज बंद, नुसतं निळं पाणी. शेजारी जो बसेल त्याला एखादा बीच आवडायचा, तो म्हणायचा, बाबा इथे जाऊ, भिया इथे चलेंगे, आणि तुमचं ठरलेलं, "क्यों नहीं, बिलकुल!" मी आत मटार सोलताना कितीदा ऐकलंय ते. प्रत्येक वेळी समोर वेगळा समुद्र होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कुणीच खोटं बोलत नव्हतं. तुम्ही सगळ्यांना हो म्हणाला होतात!

तुमचा जन्म त्यातच गेला म्हणा. एका संध्याकाळी दोन लग्नांना हो म्हणालात ते आठवतं? एक बड़ा गणपतीजवळ, एक थेट गावाबाहेर हातोदला. मी म्हटलं, एकीकडे नाही कळवा. तुम्ही कळवलं नाहीत. दोन्हीकडे गेलात, दोन्हीकडे जेवलात, आणि घरी येऊन सोड्याची बाटली मागितलीत. मी दिली, आणि वर चार शब्दही सुनावले.

आता जरा माझं ऐका. तुमच्या या होकारानं मला काय केलं, कधी विचार केलात? सुजाताला सहलीला जायचं असायचं, तुम्ही हो म्हणायचात आणि हळूच, "एकदा आईला विचार." मिलिंदला मोटरसायकल हवी होती, तेव्हाही, "माझी काही हरकत नाही, आईला विचार." मग आईनं काय म्हणायचं? दिवसभर वॉर्डात सिस्टरच्या टोपीत लोकांना नाही म्हणायचं, भेटायची वेळ संपली, पेशंटला बाहेरचं खायला नको. आणि घरी येऊन पुन्हा तेच. या घरातले सगळे हो तुमचे, आणि सगळे नाही माझे! तुम्ही गोड राहिलात. मुलं आजही म्हणतात, बाबांनी आम्हाला कधी अडवलं नाही.

अडवायचं काम दुसऱ्याला दिलं की कशाला अडवावं लागतं?

जाऊ दे. हे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं, पण तुम्ही लगेच "हो गं, बरोबर आहे तुझं" म्हणाला असतात आणि भांडणच संपलं असतं.

तर आता माझी पंचाईत बघा. मुलांना खरं सांगावं, तर सांगायचं काय? की बाबा तुमच्याशी जे बोलले, तेच सगळ्यांशी बोलत होते? गुप्ताजींशीसुद्धा? सुजातानं ते 'फक्त तुझ्या-माझ्यात' वर्षभर छातीशी धरून ठेवलंय. तुम्ही आजारी असताना ती तुमच्या उशाशी बसून ग्रीसबद्दलच बोलत होती, आत्ता मला कळतंय. आणि मिलिंद शेवटच्या वेळी पोहोचू शकला नाही. त्याच्याजवळ तुमचं म्हणावं असं ते पोर्तुगालच आहे. ते मी त्याच्याकडून काढून घेऊ? आणि दोघांपैकी एकाचं ठिकाण निवडावं, तर दुसरा जन्मभर खोटा ठरतो. सांगा ना, काय करायचं? पण तुम्हाला विचारून उपयोग काय, तुम्ही दोन्हीला हो म्हणाल.

मलाही विचारलं होतंत तुम्ही. एकदाच नाही, अनेकदा. मी भांडी आवरत असले की बाहेरून हाक, "कुसुम, आपण कुठे जायचं गं?" मी म्हणायचे, मला कुठेही जायचं नाही, माझ्या गुडघ्यांना आधी विचारा. तुम्ही म्हणायचात, "तू म्हणशील तिथे." मला वाटायचं हे तुमचं नेहमीचंच, अंग काढून घेणं. गुप्ताजी गेल्यावर मी बसून विचार केला. बाकी सगळ्यांच्या समुद्राला तुम्ही हो म्हणालात. मला एकटीला तुम्ही प्रश्न विचारला होतात. आणि मी गुडघे पुढे केले!

मग काल दुपारी, जेवण झाल्यावर, चष्मा लावला, फोन घेतला आणि बघायला बसले. पहिल्यांदाच. पोर्तुगाल पाहिलं. देखणं आहे हो, पण लाटा केवढ्या! ग्रीसही पाहिलं, सुजाताची निवड चुकीची नाही. पण सगळीकडे ती वाळू. वाळू मला आवडत नाही. चपलेत जाते, कपड्यात जाते, घरापर्यंत येते. आणि लाटेत उभं राहायचं तर धरायचं कशाला?

माझं पाणी म्हणजे नर्मदा. आपण काही पुण्य मिळवायला जात नव्हतो, तुमच्या वडिलांनी महूच्या पलटणीत असतानाच देवधर्म सोडून बाबासाहेबांचा फोटो लावला होता. आपण महेश्वरला जायचो ते डबे घेऊन, गंमत म्हणून. घाटाच्या पायऱ्या, कडेला लोखंडी साखळी. ती धरून मी साडीसकट छातीपर्यंत पाण्यात उतरायचे आणि मग तुम्ही हाका मारून थकलात तरी वर यायचे नाही. तिथे मला कुणी काही विचारायचं नाही, मलाही कुणाला नाही म्हणावं लागायचं नाही. इतकं बरं वाटायचं!

बघत बघत क्रोएशियातलं एक छोटं गाव सापडलं. नाव माझ्यानं नीट म्हणवत नाही. वाळूचा कण नाही. दगडी फरसबंद काठ आणि त्यातून सरळ समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, बाजूला धरायला कठडा. पाणी इतकं शांत आणि स्वच्छ की खालचे गोटे मोजावेत. आणि अहो, त्या पाण्यात माझ्याच वयाच्या बायका! डोक्यावर टोप्या, पायात रबरी बूट, गळ्यापर्यंत बुडून मजेत गप्पा मारत उभ्या. पोहत कुणीच नव्हतं. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मला तिथे जायचंय, अगदी मनापासून जायचंय. हे वाक्य मी तुम्हाला ऐकवायला हवं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी दोघांना एकत्र फोनवर घेतलं. सुजाता आली कॅमेऱ्यासमोर, पण भिंतीकडे बघत. मी म्हटलं, पोर्तुगाल नाही आणि ग्रीसही नाही. नाही म्हणण्यात माझा हात कोण धरणार!

मग म्हटलं, "बाबांना कुठे जायचं होतं ते राहू दे. मला कुठे जायचंय ते ऐका."

"तुला?" मिलिंद म्हणाला. "तुला कुठे जायचंय, आई?"

त्याच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की मला हसू आलं. मी फोटो पाठवले. सुजातानं ते मोठे करून करून पाहिले. "आई, पण इथे तर सँडच नाहीये!"

"म्हणूनच."

मग मिलिंद हसायला लागला, आणि त्याचं ऐकून सुजाताही. "ताई, हॉटेल तू बघतेस का मी बघू?" "तू राहू दे, तू परत उंचावरचं घेशील, आईचे गुडघे आहेत." झालं, लागले बोलायला. कुणी जिंकलं नाही, कुणी खोटं ठरलं नाही. दोघांना नाही म्हणणारी आईच निघाली, त्याची त्यांना सवय आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. नंतर सुजाताचा वेगळा फोन आला. आवाज एकदम लहान मुलीचा. "आई, बाबांनी मला खरंच सांगितलं होतं गं. ग्रीसचं."

मी म्हटलं, "माहितीये मला, बाळा. तुलाच सांगितलं होतं."

ती रडली. आणि आज सकाळी मिलिंदचा फोन. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, हवापाण्याचं, ऑफिसचं. शेवटी, "आई, पोर्तुगालचं मी मनाचं नव्हतं बोललो."

"नाही रे राजा. बाबांना तिथंच जायचं होतं."

फोन ठेवला आणि मी तुमच्या खुर्चीत बसले. अहो, मी दोघांनाही हो म्हणाले! आणि दोघांनाही खरं वाटलं. मला इतकी वर्षं वाटायचं की हो म्हणणं म्हणजे कष्ट चुकवणं. आज मात्र ते दोन शब्द बोलायला मला फार जड गेलं. तुम्हालाही जड जायचं का हो कधी?

एक वचन देते आणि थांबते, हॉटेलचे फोटो पाठवलेत सुजातानं, ते बघायचेत. तुमचं हे गुपित माझ्या तोंडून कधी फुटणार नाही. मिलिंदजवळ नाही, सुजाताजवळ नाही, गुप्ताजींजवळही नाही. बाबांना नक्की कुठे जायचं होतं, असं यापुढे मला जो कुणी विचारील, त्याला मी त्याचाच समुद्र सांगेन.

तुमची,
कुसुम