अकरा नंबरच्या डब्याबाबत

मी, मोक युत-हिंग, मयत तांग कै-लोक यांची बायको, वय त्रेपन्न, धंदा सिनेमाची फिल्म कापणे व जोडणे, राहणार टो क्वा वान, काऊलून, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच मासळीवाल्याने शिळा मासा ताजा म्हणून पुढे केला, तो मी त्याच्याच टोपलीत परत टाकला. कोणाचा धाक नाही, नशापाणी नाही. येत्या बुधवारी डॉक्टर माझं पोट उघडणार आहेत. मरायची मला घाई नाही, पण फिल्म कापणारीने शेवट आधी ठरवून ठेवावा. शाळा तिसरीपर्यंत झाली. वकिलाने सांगितलेले चार शब्द घातलेत, बाकीचे माझे. ते कोणी सुधारू नयेत.

एक. पाचव्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा मुलगी तांग वाय-साम हिला. ती विकून तिला स्वतःचा पहिला सिनेमा काढायचा असेल तर काढावा. माझा भाऊ म्हणेल, "घर विकून कोणी मारामारीचे सिनेमे काढतं का?" त्याला विचारायचं कारण नाही. भावाला माझी शिडी दिली आहे. ती अठरा वर्षं त्याच्याकडेच आहे, आता चोरी माफ.

दोन. संकलनाचं टेबल, जोडयंत्र, पांढरे हातमोजे आणि खुर्ची, तीही वाय-सामला. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तो नीट करू नये. आरामात बसणारा माणूस प्रसंग लांब ठेवून कापतो.

हे काम मी कुठे शिकले तेही लिहून ठेवते, कारण दिग्दर्शक फुंग शिंग-तो मास्टर कॉलेजातल्या पोरांना भलतंच सांगतात. मी पंधराव्या वर्षी स्टुडिओत चहा द्यायला लागले. सुट्टीच्या दिवशी थिएटरात सर्वांत पुढच्या बाकावर बसायचे आणि एकच चोर-पोलिसांचा सिनेमा वीस-वीस वेळा बघायचे. आधी सगळ्यांसारखा. मग डोळे मिटून, नुसता कानांनी. मग हातात कलिंगडाच्या बिया घेऊन. दर कटला एक बी फोडायची आणि टरफल रुमालात टाकायचं. खेळ सुटला की पायऱ्यांवर बसून मोजायचं. पाठलागाला एकशे बारा टरफलं. पण त्याच्या आधी, जेव्हा तो चोर नुसता जिन्यात उभा राहून बुटाची नाडी बांधतो, तिथे एकच. थिएटरात सगळ्यांचा श्वास तिथेच अडकायचा. झाडूवाली ओरडायची, "ए चहावाली, टरफलं मोजून श्रीमंत होणारेस का?" मी म्हणायचे, "तू झाड गं."

मला कळलं ते एवढंच. मारामारीच्या आधी दार कुठे आहे ते दाखवावं, नाहीतर नुसता गोंगाट. माणूस पडणार असेल तर लोकांना आधी भीती द्यावी, आपटणं देऊ नये. आपटलं की भीती संपते. वाय-साम, हे तुझ्या सिनेमाच्या पुस्तकांत असेल तर चांगलंच. नसेल तर आईचं म्हणून लिहून घे.

तीन. कपाटाच्या वरच्या खणातला अकरा नंबरचा पत्र्याचा डबा. खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच लिहिते आहे.

पंधरा वर्षांपूर्वी फुंग मास्टरांच्या सिनेमात माझा नवरा कै-लोक बांबूच्या परांचीवरून पडणार होता. त्याची भूमिका मरणाऱ्याची होती. खाली पुठ्ठ्याचे खोके रचले होते. दोन वेळा तो पडला, दोन्ही वेळा मास्टरांना पटलं नाही. दोनदा चेपलेले खोके बदलायला हवे होते. मास्टर म्हणाले, "ऊन चाललं, तसाच घ्या." कै-लोकने वरून मला हात केला. तिसऱ्या वेळी मास्टरांना हवं तसं पडणं मिळालं.

आमच्याकडे पडद्यावर मेलेल्याला त्याच दिवशी लाल लखोटा देतात. आत थोडे पैसे. ते सूर्य मावळायच्या आत खर्च करायचे, म्हणजे खोट्या मरणाची अवदसा अंगाला लागत नाही. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, तिथे मास्टरांनी स्वतः येऊन तो लखोटा माझ्या हातात ठेवला. "वहिनी, रीत आहे," म्हणाले. आत माझा नवरा खराच मेला होता, आणि या माणसाला रीत आठवली.

सातव्या दिवसाचं करून मी कामावर गेले. मास्टर म्हणाले, "असं पडणं पुन्हा कोणाला मिळणार नाही, वहिनी. पूर्ण ठेवू. खाली नाव देऊ त्याचं." मी निगेटिव्हला ओरखडा पडलाय म्हणून सांगितलं आणि तो तुकडा डब्यात घालून घरी आणला. हो, चोरला. सिनेमात मी कै-लोकचा बांबूवरून सुटणारा पाय ठेवला, आणि लगेच खाली रस्त्यावर संत्री विकणाऱ्या बाईचं वर बघणारं तोंड. बस. थिएटरात बायका किंचाळल्या. त्या एका कटवर मास्टरांना बक्षीस मिळालं, आजही ते त्यावर भाषण देतात. माझं नाव घेत नाहीत. न घेवोत.

आता तो सिनेमा पुन्हा लागणार आहे आणि मास्टरांना त्यात खरं पडणं घालायचं आहे. ओरखड्याची थाप त्यांना पुढे कळली. डब्यासाठी तीनदा माणसं पाठवली. मी दार उघडलं नाही. मग त्यांनी वाय-सामला गाठलं. "डबा आण, तुझ्या सिनेमाचा खर्च माझा," म्हणाले.

ती आली, भात जेवली, आणि म्हणाली, "आई, एक डबाच तर आहे. बाबा काय परत पडणार आहेत?"

"हो. दर खेळाला. दिवसातून चारदा."

ती भांडी घासून गेली. तिच्यावर माझा राग नाही. सिनेमा काढायची भूक मला ठाऊक आहे. म्हणूनच जागा तिला दिली, त्या माणसाच्या पैशाची गरज पडू नये म्हणून.

सबब, अकरा नंबरचा डबा मी फुंग शिंग-तो यांना देते. वाय-सामने तो स्वतः नेऊन द्यावा आणि चहा न घेता परत यावं.

आत फिल्म नाही. ती मी त्याच वर्षी, वसंतात थडगी झाडायच्या सणाला, कै-लोकच्या थडग्यापुढे जाळली. नीट जळेना, वितळली, घाण वास सुटला. शेजारच्या थडग्याची माणसं शिव्या देत होती. शेवटचा तुकडा विझेपर्यंत मी हलले नाही. ते पडणं आता जगात कुठेही नाही.

डब्यात तोच लाल लखोटा आहे. मी तो उघडला नाही, त्यातलं काही खर्च केलं नाही. अवदसा पंधरा वर्षं माझ्या कपाटात ठेवली. मास्टर, ज्याची त्याला परत केली. रीत आहे.

वरील मजकूर मी वाचला, मीच लिहिला. कोणाचीही हरकत चालणार नाही.

सही: मोक युत-हिंग

साक्षीदार (साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही असा कायदा आहे, म्हणून ज्यांना माझं काही नको असे दोघे):
१. यिप पाक-चुएन, बदकं भाजणारा, तळमजला. मजकूर वाचला नाही, बाईंना सही करताना पाहिलं.
२. सो लाय-कुएन, शिवणकाम, चौथा मजला. मीही पाहिलं.

टो क्वा वान, काऊलून. १८ मार्च १९९७.