बारशाची आत्या

घणसोली

तीर्थरूप आईला लेकीचा आणि तिच्या लेकीचा नमस्कार.

बारसं छान झालं. तुझा गुडघा कसा आहे? दादा औषध वेळेवर देतो ना?

"सख्खी आत्या दुबईत. परकीच्या हातून नाव नको," असं तू म्हणाली होतीस, म्हणून सगळं लिहिते. कळा सुरू झाल्या तेव्हा यांचं जहाज ब्राझीलजवळ होतं. शेजारची जेसी, केरळची नर्स, मला रिक्षाने घेऊन गेली. दवाखान्यात विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "हिची नणंद." मी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

म्हणून बारशाला बाळाच्या कानात कुर्र तिनेच केलं. 'ज्ञानेश्वरी' हे नाव म्हणताना अडखळली, तशा घरमालकीण मुक्ताबाई ओरडल्या, "अगो पोरी, जीभ वलव जरा!" सगळ्या हसल्या.

हे जहाजावरून फोनवर बघत होते. तिथल्या फिलिपिनो स्वयंपाक्याने शिरा केला, थोडा करपला म्हणे. समुद्र कसा आहे ते हे सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

आत्याच्या मानाची साडी मात्र अजून दिलेली नाही. ती तुझ्या हातून जावी म्हणून थांबले आहे.

तुझी,
शर्मिला