मनगटी खटका

५ जुलै २०२०, एनिस, आयर्लंड

मी भित्रा! माझा स्वतःचा मुलगा म्हणाला!

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आलो. विमानं बंद पडली, अडकलो. घरात बसून नुसता काळजी करतो म्हणून चंद्रहास मला त्याच्या तिरंदाजीच्या मैदानावर नेऊ लागला. बरं वाटत होतं. आज मात्र माझा बाण लक्ष्यावरून थेट पलीकडच्या गाईंच्या कुरणात! गाईंना काही झालं नाही. पण क्लबचा नोएल सगळ्यांना थांबवून ओरडला.

इथे दोरी बोटांनी ओढत नाहीत. हातात एक छोटं यंत्र धरतात, त्याची आकडी दोरीत अडकवतात. खटका दाबला की दोरी सुटते. माझा खटका आधीच दाबला गेला. बोट आपणहून हललं. हे सांगितलं तर चंद्रहास म्हणतो, “बाबा, घाबरता तुम्ही. म्हणून होतं तसं.”

बोट माझं, सांगणार हा!

७ जुलै

अजून राग गेला नाही.

१२ जुलै

नोएलने वेगवेगळे खटके आणले. आपापला निवडायचा. एक अंगठ्याने दाबायचा. एक मनगटाला पट्ट्याने बांधायचा, त्याला बोटाने ओढायचं टोक. आणि एक बिनखटक्याचाच! दोरी ओढताना आधी अंगठ्याने कळ धरून ठेवायची, मग कळ सोडायची आणि दोरी ओढत राहायची. केव्हा सुटेल ते आपल्यालाही कळत नाही. हे काय भलतंच! बाण माझा आणि मलाच पत्ता नाही?

नोएल माझ्याकडे बघून चंद्रहासला काहीतरी म्हणाला. मला एवढंच कळलं – ‘युअर मॅन’. म्हणजे याचा माणूस? मी काय याच्याकडे कामाला आहे?

घरी येताच जाब विचारला. नात निहारिका हसत सुटली. “आजोबा, युअर मॅन म्हणजे जस्ट... तो! एनीवन! नोएल त्याच्या डॉगला पण म्हणतो.”

म्हणजे कुत्रा आणि मी एका रांगेत. छान!

१९ जुलै

चंद्रहासने मला न विचारता मनगटी पट्ट्याचाच घेतला. म्हणे, “हातातून पडणार नाही, बाबा.” लहान मुलाच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवतात तसा! निहारिकाने फोनवर पाहून सांगितलं, हा शिकारी लोक वापरतात, रानात हरवू नये म्हणून. इथे तर धनुष्याने शिकारीला बंदी. मी माळकरी. मी काय हरणं मारायला जाणार आहे?

आणि चहा हल्ली अर्धाच कप मिळतो. विचारलं तर, “सांडतो ना.” या घरात माझं काही पूर्ण भरत नाही.

२६ जुलै

हट्टाने बिनखटक्याचा मागितला. नोएलने त्याचा स्वतःचा दिला. “डोन्ट थिंक,” म्हणाला. विचार करू नको! जन्मभर झोपेतसुद्धा मी तेच केलं. तरी ओढत राहिलो. ओढत राहिलो – आणि गेला! लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात! मी दचकलो, बाण नाही दचकला.

“ग्रँड!” नोएल ओरडला.

सांगा आता, भित्रा कोण?

२ ऑगस्ट

अंगठा कळीवर ठरेना. नुसता घासत राहिला, तपकीर चोळल्यासारखा. धनुष्य ओढलेलंही नव्हतं. नोएलने माझ्या हातावर हात ठेवला, मास्क, अंतर सगळं विसरून. मग चंद्रहासला बाजूला नेलं. माझ्याबद्दल, माझ्यासमोर, मला वगळून!

घरी खटका उडाला. चंद्रहास म्हणतो, आता धनुष्य नाही, आधी डॉक्टर. मी म्हटलं, “भीतीवर औषध देतात का रे तुमच्याकडे?” तो डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला. त्याचाच जास्त राग आला.

२१ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, सही करायला लावली. मग सावकाश सांगितलं. भीती नाही. आजार आहे – कंपवात. हात मांडीवर स्वस्थ असतानाही असा हलतो तो त्यानेच. बरा होत नाही, औषधाने धरून ठेवता येतो.

गाडीत बसलो. चंद्रहासने किल्ली फिरवली नाही. “बाबा, मी तुम्हाला भित्रा म्हणालो.”

“ते खोटं ठरलं ना?” मी म्हटलं. “मग चल.”