सेवेतून प्रवेश

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नवा देश, नवी वही. शुक्रवारी दुपारी मोठ्या पाळकसाहेबांचा फोन, शनिवारी विमान, काल संध्याकाळी इथे हजर. साध्यासुध्या मिशनऱ्याची इतक्या तातडीने बदली करत नाहीत. आधीच्या देशात जेमतेम चार महिने झाले होते, पण माझं काम वरपर्यंत पोचलं असणार. आईला फोनवर तसं सांगितलं. आई म्हणाली, स्वेटर घेतलास का? नाही घेतला.
संकल्प: पाचला उठणे (आज सहा, प्रवासाचा शीण). इथल्या भाषेतले रोज पन्नास शब्द. जोडीदाराला वळण लावणे.

सकाळी ९
जोडीदाराची ओळख झाली. मिशनचा नियम असा की दोघांनी जोडीनेच राहायचं आणि जोडीनेच बाहेर पडायचं, एकट्याने कुठे जायचं नाही. हा इथे दीड वर्ष आहे. धिप्पाड, अबोल. दीड वर्षात रविवारच्या उपासनेला माणसं जमवली किती, तर चार. त्यातल्या एक घरमालकीणबाई, आणि त्या खुर्च्या कोणी मोडत नाही ना ते बघायला येतात. बिचाऱ्याला धीर यावा म्हणून पाठीवर थाप मारली. माझाच हात दुखला.

३ सप्टेंबर
बदलीचं खरं कारण कळलं. तिसऱ्या मजल्यावरची ही उपासनेची खोली मिशन बंद करायच्या विचारात आहे. ६ ऑक्टोबरच्या रविवारी मोठे पाळकसाहेब स्वतः येऊन डोकी मोजणार. तीस भरली तर खोली राहील. नाही भरली तर कुलूप, आणि मी परत घरी, मिशनच्या ऑफिसात पाकिटं चिकटवायला. आई तर नात्यागोत्यात सगळीकडे सांगून बसली आहे. म्हणजे बुडती नाव वाचवायला खास माणूस पाठवला आहे. जोडीदाराला हे समजावलं. त्याने चहा केला.

४ सप्टेंबर
सतरा दारं ठोठावली. सोळा बंद झाली, अगदी सभ्यपणे. सतरावं एका शिंपीणबाईचं. तोंडात टाचण्या धरून त्यांनी माझा पाठ केलेला संदेश मिनिटभर ऐकला, मग टाचण्या काढून जोडीदाराला विचारलं की या कपाटाचं एक टोक धरता का. त्याने धरलं. मी दुसरं धरलं. आणि कपाट भिंतीला लावता लावता डोक्यात लख्ख प्रकाश पडला: सेवेतून प्रवेश! आधी मदत, मग संदेश. कपाट लागल्यावर मात्र त्यांचं गिऱ्हाईक आलं.
वहीत नोंद: संपर्क १.

६ सप्टेंबर
शिंपीणबाईंनी बहिणीला सांगितलं. फ्रिज, चार मजले. वर पोचल्यावर संदेश द्यायचा होता, पण दोघांनाही श्वास नव्हता. बहिणीने पाणी दिलं. संपर्क २. योजना रंगात आली आहे.

११ सप्टेंबर
निवृत्त बसड्रायव्हर काका. पियानो. उचलायचं काम जोडीदाराकडे आणि काकांकडे दिलं, दिशा सांगायचं मी घेतलं. कोणीतरी सांगायला हवंच. जिन्याच्या वळणावर पियानो अडकला तो पन्नास मिनिटं हलेना. काका वरच्या बाजूला, मी खालच्या. वेळ वाया न घालवता 'क्षमा' या विषयावर इथल्या भाषेतला माझा पहिला पूर्ण संदेश दिला. काकांना निघून जाणं शक्य नव्हतं, तरी ते आवडीने ऐकत होते असं मला वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार
उपासनेला चार. तेच चार. बी पेरून दुसऱ्या दिवशी उकरून बघायचं नसतं. घरमालकीणबाईंनी खुर्च्या मोजल्या.

२० सप्टेंबर
आता लोक सकाळीच खालून हाका मारतात. संपर्क एकतीस! नावं लक्षात राहात नाहीत, सामान राहतं: दोन सोफेवाले मामा, हलत्या पलंगाच्या मावशी, आरसावाले (आरशाचं फार झालं नाही, कोपराच गेला). मोठ्या पाळकसाहेबांना साप्ताहिक पत्र धाडलं: एकतीस घरांची दारं उघडली. जोडीदाराने वाचून विचारलं की कशासाठी उघडली ते लिहायचं का. मी म्हटलं, वरिष्ठांना तपशिलाने शिणवू नये.

२७ सप्टेंबर
आज भांडी पुसताना जोडीदार म्हणाला की आपण अजून एकाही घरी रविवारचं सांगितलेलं नाही. दीड वर्षात चार माणसं जमवणाऱ्याने मला हे सांगावं! तसं त्याचं चुकलं नव्हतं. मी पुढची बशी पुसायला घेतली. उद्यापासून धडाका.

२८ सप्टेंबर
कंबर धरली. मोरी, कुशीवर वळणे, शिंक, सगळंच बंद. मी खोलीत म्हणून नियमाप्रमाणे जोडीदारही खोलीत. त्याने उशी आणून दिली. आईचा फोन. गावच्या पाळकांनी उपासनेत माझा उल्लेख केला म्हणे. मी घाईने फोन ठेवला. कंबरेमुळे असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
उठलो! कंबरेवर हात ठेवून एकतीसच्या एकतीस घरी जाऊन आलो. प्रार्थनेचा उल्लेख मुद्दाम टाळला. तो शब्द ऐकला की लोक दार लोटतात, हा माझा अनुभव. आधी माणूस आत आणावा, बाकीचं मी बघतो. म्हणून सगळीकडे एवढंच सांगितलं की आमची खोली जायची वेळ आली आहे, रविवारी दहाला वर या, तुम्ही आला नाहीत तर आमचं कठीण आहे. चेहरा शक्य तितका केविलवाणा. कंबरेची मदत झाली.
शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर काकांनी विचारलं, माणसं किती लागतील? म्हटलं, तीस तरी. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, जमवतो. माणूस असा हवा. जोडीदाराने परतताना विचारलं की त्यांना यातून नेमकं काय कळलं असेल. म्हटलं, हृदयाची भाषा तुला नाही कळायची.

५ ऑक्टोबर
चाळीस खुर्च्या मांडल्या. प्रवचन पक्कं, चाळीस मिनिटांचं.

६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५
जमेल तसं लिहितो.
पावणेदहाला जिना दणाणला. चौतीस माणसं! मी टाय बांधायला आत पळालो. आनंदाच्या भरात गाठ बसेना, दहा मिनिटं गेली. बाहेर आलो तर खोलीत एकही खुर्ची नाही. सगळ्यांच्या हातांत हातमोजे, खांद्यांवर दोर. जिन्यावर वरपासून खालपर्यंत रांग लावून खुर्च्या हातोहात चालल्या होत्या. खाली टेम्पो. प्रवचनाचं मेज ड्रायव्हर काकांच्या खांद्यावर. जोडीदारानेही बाजाच्या पेटीचं एक टोक धरलं होतं; त्याला कोणी टोक धरायला सांगितलं की तो धरतो.
त्याच वेळी मोठे पाळकसाहेब भिंतीला अंग चोरून, पेटीला वाट देत वर आले.
मी सगळा उलगडा केला. मेज खाली ठेवून काका म्हणाले, अहो, मग प्रार्थनेला बोलावतो आहोत असं आधीच सांगायचं. पाळकसाहेबांनी मोठ्या आशेने विचारलं, सांगितलं असतं तर आला असता? काकांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाले. सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मी नाही.
मग शिंपीणबाई म्हणाल्या, गल्लीतलं प्रत्येकाचं ओझं या दोघांनी उचललं, यांचं ओझं यांना एकट्यांना कसं उचलू देणार? हे ऐकून मला भरून आलं. खरंच आलं. बोलायला गेलो तर शब्दच फुटेना. असं माझं आजवर कधी झालं नव्हतं. तेव्हा जोडीदाराने पेटी ठेवली आणि चार ओळींची प्रार्थना केली. चौतीसही जणांनी हातमोजे काढले, आणि रिकाम्या खोलीत उभ्याउभ्याच आमेन म्हटलं. पाळकसाहेबांचं बोट हळूहळू सगळ्यांवरून फिरताना मी पाहिलं.

७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ४
खोली वाचली! तीस हवे होते, चौतीस भरले. पाळकसाहेब सकाळीच निर्णयाचं पत्र देऊन गेले. आईला कळवलं. योजना यशस्वी असंच म्हणावं लागेल.
फक्त खुर्च्या अजून खाली, जिन्यासमोरच्या काकांच्या शेडमध्ये आहेत, आणि आज सोमवार, सगळे कामावर. मी एक उचलली आणि तिथेच बसलो. उरलेल्या एकोणचाळीस जोडीदार एकटाच वर नेतो आहे.
तो पायऱ्या चढत असताना विचारलं, पत्रात माझ्याबद्दल काही आहे का. त्याने खिशातून काढून दिलं. शेवटी एक ओळ आहे: नव्या मिशनऱ्याला कंबर बरी होईपर्यंत जड काम देऊ नये. प्रवचनही देऊ नये.
मागची बाजूही पाहिली. कोरी आहे.