चेअरमनला सोडून सगळ्यांना ठाऊक

मखमलाबाद, नाशिक
रविवार दुपार, झेंडू तोडून झाल्यावर

सायखेड्याचे आमचे थोरले मेहुणे मोतीरामअण्णा यांना दाजी गोरक्षचा वाकून नमस्कार. (दाजीनं मेहुण्यापुढे वाकायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आजचा विषयच वाकण्याचा आहे, आणि माझी कंबरही त्या प्रयोगापासून सरळ होत नाहीये.) वहिनींचा गुडघा कसा आहे? काळी गाय व्याली का? यंदाची थंडी कांद्याला मानवेल असं इकडे सगळे म्हणतात, तुमचं मत काही कळलं नाही, कारण तुम्ही फोन उचलत नाही. नाटकाच्या दिवसापासून रोज लावतो, रोज पूर्ण वाजतो आणि बंद पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेले 'शुभ सकाळ'चे गुलाबसुद्धा (आपल्याच मळ्यातले, दव असतानाचे फोटो) तुम्ही उघडलेले नाहीत. म्हणून शेवटी हे पत्र. अक्षर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात शिरल्यासारखं दिसतंय, त्याचं कारण माझा चष्मा फुटलाय आणि हा जुना चष्मा योगिनीच्या बारशाच्या वेळचा आहे. नवा कसा फुटला ते पुढे येईलच.

अण्णा, तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात ते मी स्टेजवरून पाहिलं. टोपी डोक्यावर ठेवलीत, उपरणं तोंडाला लावलंत आणि चालू लागलात. तुमच्या रागाला कारण आहे. योगिनीसाठी तुम्ही स्वतः ओझरकडचं द्राक्षबागवाल्यांचं स्थळ आणलं होतं, मी 'नाटक झालं की बैठक घेऊ' असा शब्द दिला होता, आणि त्याच मुलीचं प्रकरण तुम्हाला भर नाट्यगृहात, वर तिकीट काढून ऐकावं लागलं. उभ्या निफाड तालुक्यात तुमच्या शब्दावर सोयरिकी जमतात, त्या तुमच्या शब्दाची माझ्यामुळे ही शोभा झाली. पण यात माझा मूर्खपणा किती आणि त्या ग्रीक लोकांचा हात किती, एवढं एकदा ऐकून घ्या.

तुम्हाला माहीत आहे, मला नाटकाची खाज कॉलेजपासूनची. गेल्या वर्षी आमच्या मळेकरी नाट्य मंडळानं हौशी स्पर्धेत विनोदी नाटक केलं, तेव्हा कुणी हसलं नाही. म्हणून यंदा शोकांतिका करायची ठरवली, आणि करायची तर मग साधीसुधी कशाला, थेट ग्रीक. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राजाच्या नगरावर रोगराई येते. कुणा एकाच्या पापामुळे आली म्हणतात. राजा भर चौकात शपथ घेतो की तो पापी कोण ते मी शोधून काढीन. मग येईल त्याला दरडावून विचारत सुटतो, आणि शेवटी निघतो तो स्वतःच. लहानपणी कुणीतरी भविष्य सांगितलेलं असतं की हा बापाला मारील आणि आईशी लग्न करील. ते टाळायला तो घर सोडून पळतो, आणि पळून नेमका तिथंच जाऊन पोचतो. (राजाचं नाव माझ्या जिभेला झेपेना. तुमची बहीण छाया म्हणाली, तुम्ही ते घेता तेव्हा शिंक आल्यासारखं वाटतं.) मग मी त्याचं आधुनिक रूपांतर केलं. राजाचा केला पाणी वापर संस्थेचा चेअरमन, रोगराईचा केला झेंडूवरचा करपा, आणि चेअरमनची भूमिका फार विचार करून, मंडळातल्या सगळ्यांचा कल घेऊन, मीच घेतली.

त्या नाटकांत गावकऱ्यांचा एक घोळका असतो. तो सगळं बघतो, सगळ्यावर बोलतो आणि करत काहीच नाही. त्यासाठी फार शोधावं लागलं नाही, फूलबाजारातल्या आपल्याच बायका आणल्या. सगुणाबाई त्यांची म्होरकी, ती आपल्या शेजारीच हार ओवते. पहिल्या वाचनाला मी गोष्ट सांगितली, मोठ्या आवाजात, मध्ये मध्ये थांबून. ओवणारे हात थांबले. मला वाटलं, भारावल्या. मग सगुणाबाईनं दोरा तोडला आणि विचारलं, "पन लग्न जमवताना पोराचा मामा कोन, हे कोनीच इचारलं नाय?" झालं! तालीम बाजूला राहिली. भिमाबाई म्हणाली, निदान आडनाव तरी विचारायचं. तिसरी म्हणाली, पाव्हण्यांत कुणी म्हातारी माणसं नव्हतीच का? चौथीचं म्हणणं पडलं की एवढा घोळ होतो म्हणजे मध्यस्थानं दोन्हीकडून खाल्लेलं असणार. अण्णा, अडीच हजार वर्षं जगभरच्या विद्वानांना ज्या नाटकानं रडवलं, ते आपल्याकडे चहाच्या एका कपात निकालात निघालं, कारण आपल्याकडे मामा विचारल्याशिवाय नवरदेवाला पाणीसुद्धा कुणी देत नाही.

मग मी त्यात एक बैठकीचा प्रवेश घुसडला. त्यात गावचा सोयरिकी जमवणारा माणूस नेमका आजारी असतो, म्हणून चौकशी राहून जाते. (तो माणूस मी तुमच्यावरूनच बेतला होता. मोठ्या गौरवानं.) आणि बायकांना एक भाषण दिलं. म्हटलं, बघा, आपल्या चालीरीतींना लोक हसतात, पण गाव कोणतं, कूळ कोणतं, मामा कोण, एवढं विचारणारा समाज अशा खड्ड्यात कधी पडायचा नाही. माझ्या घरात काय चाललंय ते मला कळत नाही, असं होणंच शक्य नाही! बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, माझ्या अभ्यासाचं कौतुक चाललंय.

आता भारतबद्दल. सुरगाण्याचा पोरगा, इकडे माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आपल्या गुलाबांची पानं पिवळी पडत होती तेव्हा मीच त्याला मळ्यात आणला. मातीचे नमुने नेले, काय टाका काय टाकू नका ते सांगितलं, गुलाब सुधारले. आवाज चांगला म्हणून मीच त्याला नाटकात घेतलं, आंधळ्या भविष्यवेत्त्याच्या कामाला. आणि पाठांतर कच्चं म्हणून मीच योगिनीला म्हणालो, 'याचे संवाद रोज बसून पाठ करून घे.' ती रोज घेत होती. दोन पानांचे संवाद, दीड महिना! तरी पाठ होईनात, तेव्हा मलाच त्या पोराची दया आली आणि मी म्हणालो, रविवारीही बसत जा.

आणि हे कुणाच्या बाबतीत? जिला मी पुण्याची नोकरी घेऊ दिली नाही तिच्या. तुम्हाला आठवतच असेल, उन्हाळ्यात पुण्याहून तिला बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, नको, तिकडे मुली आपलं आपण जमवतात. इथंच राहा, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे बघा, तो राजा घर सोडून पळाला आणि खड्ड्यात पडला, आणि मी घरातून कुणाला हलू दिलं नाही आणि पडलो. छाया दोनतीनदा सांगायला आली होती, ते खरं आहे. एकदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, योगिनीचं जरा बोलायचं होतं. मी हात वर करून म्हटलं, आता नको, मी भूमिकेत आहे. ती चहा ठेवून गेली.

प्रयोगाच्या दिवशी अर्धं मखमलाबाद आणि अख्खा फूलबाजार आला होता. पहिला अंक मी गाजवला. (असं मला वाटलं.) मग तो प्रवेश आला. भारत काळा गॉगल लावून, काठी टेकत आला. मी त्याच्यावर गरजलो, सांग, या गावाला नासवणारा कोण? तो खालच्या आवाजात म्हणाला, "चेअरमनसाहेब, तो तुमच्याच घरात येऊन जाऊन असतो." प्रेक्षकांत एकच हशा! शोकांतिकेला हशा म्हटल्यावर मी बिथरलो आणि आवाज चढवला. माझ्या घरात? आणि मला ठाऊक नाही? लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, चष्मा पूस, चष्मा! मी आणखी चढलो, नाव घे त्याचं, नाव घे! आणि भारत गप्प. विंगेत योगिनी प्रॉम्प्टिंगला बसली होती, आणि तिच्यासमोरचा माइक कुणीतरी चालू ठेवला होता. सगळ्या नाट्यगृहानं ऐकलं, "सांगून टाक ना आता. घरी तर ते ऐकूनच घेत नाहीत."

आंधळ्यानं गॉगल काढला, माझ्याकडे सरळ बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, "सर, मीच तो. मी आणि योगिनी." टाळ्या पडल्या, अण्णा! पुढचं वाक्य मला एकच आठवत होतं, ते मी म्हटलं, 'या आंधळ्याला बाहेर काढा.' तर घोळका जागचा हलेना. सगुणाबाई स्टेजवरूनच म्हणाली, "त्याला कशाला बाहेर काढायचं? पोरगं चांगलं हाय." तेवढ्यात तुम्ही उठलात. पुढचं नाटक मी कसं रेटलं, देव जाणे. शेवटी चेअरमननं आपला चष्मा पायाखाली चिरडायचा असतो. (मूळ राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो, पण आम्हाला रूपांतर करायचं होतं.) त्यासाठी खिशात दहा रुपयांचा खोटा चष्मा ठेवला होता. तो खिशातच राहिला आणि मी नाकावरचा चिरडला. मग काही दिसेना, म्हणून नमस्काराला पुढे गेलो तो थेट तबलजीच्या मांडीत. कंबर तिथं गेली.

परीक्षकांनी आम्हाला आधुनिक रूपांतराचं बक्षीस दिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरचा अज्ञानाचा भाव फारच अस्सल होता असं खास नमूद केलं.

घरी आल्यावर दोन दिवस मी चेअरमनच्या आवाजात 'हे लग्न होणार नाही' असं म्हणून पाहिलं. घरात ज्याची त्याची कामं चालू होती, कुणी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी योगिनी जवळ येऊन बसली. विचारलं, पप्पा, त्याच्यात वाईट काय ते सांगा. मी बराच वेळ विचार केला. आपल्यातला नाही, एवढंच सापडलं, आणि तेही तिच्या तोंडाकडे बघून म्हणवेना. मग ती म्हणाली, "मामानं आतून आणून मांडवात उभं केलं तरच मी उभी राहीन. मामा नाही म्हणाले तर मला लग्नच नको." डोळे भरले होते तिचे. तुमच्या खांद्यावर बसून सायखेड्याची जत्रा बघितलेली पोरगी ती. मला एकुलती एक, आणि मी दीड महिना तिच्या शेजारच्या खोलीत आरशासमोर डोळे वटारत बसलो होतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
माजी चेअरमन गोरक्ष

ता. क. : इतकं लांबण लावलं, पण विचारायचं ते एवढंच. माघात दोघांचा मुहूर्त धरतोय. अंतरपाटामागे मुलीच्या पाठीशी तुम्ही उभे राहाल का? ओझरकरांकडे तुमचा शब्द मी मोडला. त्यांच्या दारात जाऊन माफी मागायला मी तयार आहे. भाषण न करता मागीन.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवण्यापूर्वी अक्षर लागतंय का बघ म्हणून पत्र छायाला दिलं. वाचता वाचता ती तुमच्या उपरण्यापर्यंत आली आणि खाली बसून हसायलाच लागली. मग तिच्याकडून एकेक कळलं. तुम्ही रागावून गेला नव्हता. हसू आवरेना आणि दाजींचा चारचौघांत पाणउतारा नको, म्हणून उपरण्यात तोंड घालून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला होतात. दसऱ्याआधीच तुम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सुरगाण्याला जाऊन आलात, घरदार बघितलंत, त्यांच्याकडे नागलीची भाकरी खाल्लीत आणि छायाला कळवलंत की माणसं चांगली आहेत. ओझरच्या मुलाचा साखरपुडा तर झालासुद्धा, आणि तोही तुम्हीच जमवलात. फोन उचलत नाही तो एवढ्यासाठी, की दाजी एकदा आपणहून विचारतील तेव्हाच बोलायचं. योगिनीलाही हे ठाऊक होतं म्हणे. (डोळे मात्र खरेच भरले होते, ते मी बघितलंय.) म्हणजे अख्ख्या फूलबाजारापासून सुरगाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, राहिलो होतो तो मीच.

तरी पत्र टाकतोच. विचारलंय तर उत्तर द्या. आणि माझी एक नड आहे, कुणाला सांगू नका. भारत दीड महिना माझ्या घरी जेवला, मी त्याला चेअरमन कसा बसतो, कसा उठतो, सगळं करून दाखवलं, पण त्याला दुसरं काही विचारायचं राहूनच गेलं. आता छायाला विचारायची सोय नाही, ती अजून हसतेय. पोराचा मामा कोण, तेवढं मला कळवा.